प्रयोगशाळेच्या अहवालाची पारख

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बेळगाव येथे दिलेले व्याख्यान)



संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना या व्यासपीठावर साहित्य, संगीत किंवा संतवाङ्मय यांवरील व्याख्यान व्हावे अशी आपली अपेक्षा असणार, आणि ती साहजिकच आहे. तरीही चिटणिसांनी रक्ततपासणीसारखा रूक्ष विषय मला दिला, याला एक कारण आहे. महोत्सवी निधीतून संस्थेच्या धर्मादाय दवाखान्यासाठी विषाणुजन्य तापाची तपासणी करणारे यंत्र घ्यावे, अशी एक सूचना मंडळापुढे आली आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. आपले पुष्कळ सभासद खानापूरच्या रानपट्टीतील, चंदगडकडील, चोर्ला घाटाखालच्या सत्तरीतील आणि तिलारीपलीकडील दोडामार्गातील आहेत. त्या भागात माकडतापाची भीती घराघरात आहे. तेव्हा यंत्र घ्यावे की नाही हे ठरविण्यापूर्वी यंत्राने दिलेल्या उत्तरावर विश्वास केव्हा ठेवावा, हे समजून घेणे बरे, असे चिटणिसांना वाटले. मलाही ते पटले.

प्रथम या रोगाविषयी थोडे सांगतो. १९५७ साली त्या वेळच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातील सोरब तालुक्याच्या क्यासनूर नावाच्या रानात माकडे मरून पडू लागली आणि त्याच सुमारास आसपासच्या खेड्यांतील माणसांना कडक ताप येऊ लागला. माकडे मरतात आणि माणसे तापतात, हे ऐकताच जाणकारांच्या मनात पहिली शंका आली ती पीतज्वराची. तो रोग आफ्रिकेत व दक्षिण अमेरिकेत असतो, भारतात तो कधी शिरलेला नाही. तो येथे आला असता तर केवढा अनर्थ ओढवला असता! पुण्याच्या विषाणु संशोधन केंद्रातील मंडळी तातडीने तेथे गेली. हे केंद्र १९५२ साली स्थापन झालेले होते आणि आज ते राष्ट्रीय विषाणु विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. त्यांनी माकडांच्या व रुग्णांच्या नमुन्यांतून विषाणू वेगळा काढला. तो पीतज्वराचा नव्हता. तो रशियाकडील गोचिडांमार्फत पसरणाऱ्या मेंदुज्वराच्या विषाणूच्या कुळातला, पण अगदी नवा निघाला. रानाच्या नावावरून त्याला नाव मिळाले. कानडी मुलखात त्याला ‘मंगन कायिले’ म्हणतात आणि आपण माकडताप म्हणतो.

हा विषाणू रानातील गोचिडांत वास करतो. वानर आणि माकडे त्याला बळी पडतात. मेलेल्या माकडाच्या अंगावरील गोचिडे जमिनीवर उतरतात, आणि लाकूडफाटा, पाला किंवा काजू गोळा करावयास गेलेल्या माणसाला त्यांची बारीक पिले चावतात. चावल्यापासून साधारण ३ ते ८ दिवसांनी एकाएकी ताप, डोकेदुखी व अंगदुखी सुरू होते, आणि काहींना नाका-हिरड्यांतून रक्त येते. काही रुग्णांना ताप उतरल्यावर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा चढतो, आणि तेव्हा मेंदूवर परिणाम दिसतो. माणसापासून माणसाला हा रोग लागत नाही, एवढे समाधान. कित्येक वर्षे तो कर्नाटकाच्या काही जिल्ह्यांपुरताच होता. २०१२ नंतर तो निलगिरी, वायनाड असा दक्षिणेकडे दिसू लागला. २०१५ साली तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आढळला. गोव्यात काजूच्या बागांत राबणारी माणसे त्यात सापडली. हंगामापुरता बागेत जाणारा मजूर घाट चढून घरी परतल्यावर त्याला ताप येऊ शकतो आणि मग तो आपल्या दवाखान्याच्या ओट्यावर येऊन बसतो. या रोगावर नेमके औषध नाही, रुग्णाला जपणे हाच उपचार. पूर्वी कर्नाटकात जी लस देत, तिचा गुण समाधानकारक न राहिल्यामुळे २०२२ पासून ती बंद झाली. तेव्हा निदानाचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले आहे.

कोणी विचारील, नेमके औषधच नाही, तर निदान हवे कशाला? याचे उत्तर असे, की त्याच पावलांनी येणारे दुसरे ताप आहेत. लेप्टो म्हणजे उंदीरताप आहे, रानातील किड्यांपासून होणारा स्क्रब टायफस आहे, हिवताप आहे. या तिघांवर औषध आहे आणि ते वेळेवर दिले तर माणूस वाचतो. माकडताप नसताना माकडताप आहे असा अहवाल आला, तर उंदीरतापाचा रुग्ण औषधावाचून राहण्याचा धोका. आणि माकडताप असताना नाही असा अहवाल आला, तर रुग्ण घरी जातो, कोणतीतरी वेदनाशामक गोळी घेतो, रक्तस्रावाकडे कोणाचे लक्ष राहत नाही, आणि त्याच्या वाडीतील दुसरी माणसे दुसऱ्या दिवशी त्याच रानात जातात. कागदावरच्या एका शब्दावर हे सारे अवलंबून असते. म्हणून त्या शब्दाची पारख करावयाची.

तपासणीचे मुख्य प्रकार दोन. चोर घरात असताना त्याला पकडावयाचे, हा एक. चोर येऊन गेला की त्याच्या पावलांचे ठसे पाहावयाचे, हा दुसरा. आरटी-पीसीआर नावाची चाचणी पहिल्या प्रकारची. रक्तात विषाणूच्या जनुकाचा अंश असेल तर तो अनेक पटींनी वाढवून दाखवावयाचा, हे तिचे तत्त्व. तापाच्या पहिल्या आठवड्यात ती विशेष उपयोगी पडते. एलायझा ही दुसऱ्या प्रकारची. विषाणूशी झुंजण्यासाठी शरीर जी प्रतिद्रव्ये तयार करते ती या चाचणीने ओळखतात. ताजी प्रतिद्रव्ये, ज्यांना आयजीएम म्हणतात, ती तापाच्या चौथ्या-पाचव्या दिवसानंतर दिसू लागतात. यावरून ध्यानात येईल की दुसऱ्या दिवशी घेतलेल्या रक्ताची एलायझा नकारार्थी आली तर तिचा अर्थ ‘रोग नाही’ असा होत नाही. ‘अजून ठसा उमटलेला नाही’ एवढाच तिचा अर्थ. तसेच तिसऱ्या आठवड्यात केलेली पीसीआर नकारार्थी आली तरी चोर येऊन गेलाच नाही असे म्हणता येत नाही. ताप कोणत्या दिवशी सुरू झाला ही तारीख नळीवर किंवा सोबतच्या कागदावर नसेल, तर उत्तम यंत्राचा अहवालही अर्धामुर्धाच समजावा.

ठशांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. भावाभावांचे ठसे सारखे असतात. माकडतापाच्या विषाणूचे कूळ मोठे आहे, डेंग्यू आणि जपानी मेंदुज्वर हे त्याचेच भाऊबंद. एकाची प्रतिद्रव्ये दुसऱ्याच्या चाचणीला चिकटू शकतात. हा केवळ पुस्तकी दोष नाही, याचे एक उदाहरण सांगतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील सरे या गावी २००३ च्या उन्हाळ्यात वृद्धांच्या एका शुश्रूषागृहात सर्दी-खोकल्याची साथ आली. त्याच वर्षी टोरांटोत सार्स रोगाने माणसे दगावली होती. प्राण्यांतून माणसांत आलेला तो विषाणू सर्वांच्या मनात ताजा होता. शुश्रूषागृहातील काही नमुने सार्सच्या चाचणीत होकारार्थी आले आणि देशभर काळजी पसरली. परंतु रोग तर सौम्य! कसून शोध केल्यावर कळले की तो सर्दीचा एक जुनाच विषाणू होता. त्याच्या प्रतिद्रव्यांनी सार्सच्या चाचणीला हुबेहूब उत्तर दिले होते. रुग्णाची स्थिती आणि अहवाल यांचा मेळ बसेना, तेव्हा तेथील डॉक्टरांनी अहवालालाच प्रश्न विचारले, यात त्यांचे शहाणपण दिसते.

मलेशियातील उदाहरण याहून दुःखद आहे. १९९८ च्या सप्टेंबरपासून इपोह शहराच्या परिसरात डुकरे पाळणाऱ्यांना मेंदुज्वर होऊ लागला. त्या देशात जपानी मेंदुज्वर पूर्वीपासून आहे आणि तो डुकरांतून डासांमार्फत येतो. काही रुग्णांच्या रक्तात त्याची प्रतिद्रव्येही मिळाली. मग काय? डासांवर धुराची फवारणी झाली, डुकरांना लसी टोचल्या, माणसांनाही लस दिली. साथ थांबली नाही. जपानी मेंदुज्वर बहुधा लहान मुलांना होतो, येथे आजारी पडत होते ते डुकरांजवळ काम करणारे धडधाकट प्रौढ. लस घेतलेलेही आजारी पडत होते आणि खुद्द डुकरेही खोकून मरत होती. हे सारे डोळ्यांपुढे होते, पण हातात होकारार्थी अहवाल होता. १९९९ च्या मार्चमध्ये मलाया विद्यापीठात चुआ काव बिंग यांनी एका रुग्णाच्या नमुन्यातून नवाच विषाणू वेगळा काढला. तो निपाह. मूळ तो फळे खाणाऱ्या वटवाघळांचा. डासांशी त्याचा संबंध नव्हता, डुकरांच्या निकट सहवासातून तो माणसाला लागत होता. साथ आटोपेपर्यंत मलेशियात २६५ माणसे आजारी पडली, त्यांतील १०५ दगावली, आणि दहा लाखांच्या वर डुकरे मारावी लागली. मोजके होकारार्थी अहवाल सर्व रुग्णांना लावले गेले आणि त्यांनी शोधाची वाट महिनोन् महिने अडवून धरली. हाच निपाह २०१८ च्या मे महिन्यात केरळात कोळिकोड भागात शिरला, तेव्हा मात्र मणिपाल आणि पुणे येथील प्रयोगशाळांनी त्याला अल्पावधीत ओळखले. एका ठिकाणच्या उत्तराला दुसऱ्या ठिकाणचा दुजोरा मिळाला, हे त्यात लक्षात घेण्यासारखे आहे.

आता थोडे गणित. व्यापारी मंडळींना ते जड जाणार नाही. समजा एका चाचणीच्या पुडक्यावर लिहिले आहे की ती शंभर रोग्यांपैकी ९५ जणांना बरोबर ओळखते आणि शंभर निरोग्यांपैकी ९५ जणांना बरोबर सोडून देते. ऐकून वाटते, उत्तम माल! आता ही चाचणी तापाच्या सरसकट १००० माणसांवर करा, आणि त्यांत खरे माकडतापाचे २० आहेत असे धरा. त्या वीसांपैकी १९ सापडतील, एक निसटेल. उरलेल्या ९८० जणांपैकी शेकडा पाच, म्हणजे ४९ जण, रोग नसता होकारार्थी ठरतील. एकूण होकारार्थी अहवाल ६८, त्यांतील खरे १९. म्हणजे चार होकारार्थी माणसांत खरा रुग्ण जेमतेम एक. तीच चाचणी आता अशा १००० रुग्णांवर करा, की जे रानात गेले होते, ज्यांच्या गावात माकडे मेली आहेत, आणि ज्यांपैकी खरोखर ४०० जणांना रोग आहे. ३८० सापडतील, आणि ६०० निरोग्यांतील ३० चुकून धरले जातील. ४१० होकारार्थी अहवालांत ३८० खरे! चाचणी तीच, यंत्र तेच, तपासनीसही तोच. पण पहिल्या ठिकाणचा होकार बहुधा खोटा आणि दुसऱ्या ठिकाणचा बहुधा खरा. उलट दुसऱ्या ठिकाणी नकारार्थी अहवालांतील सुमारे तिसांत एक चुकीचा असेल. तेव्हा कोणाची तपासणी करावयाची, हे डॉक्टरने रुग्णाला दोन प्रश्न विचारून आधी ठरविले पाहिजे. ‘रानात गेला होतास काय? गावात माकड मेले आहे काय?’ हे प्रश्न फुकट आहेत आणि त्यांनी चाचणीचे मोल वाढते.

पुडक्यावरचा तो ९५ चा आकडा कोठून येतो, हेही विचारावे. ज्यांचा रोग निश्चित ठाऊक आहे अशा नमुन्यांवर चाचणी करून तो काढतात. नेहमीच्या रोगांचे असे नमुने शेकड्यांनी मिळतात. माकडतापासारख्या थोडक्या प्रदेशातील रोगाचे ते मोजकेच मिळतात. कोणी सांगितले की ‘आम्ही दहा नमुने पाहिले, दहाही बरोबर आले’, तर त्यावरून शेकडा शंभर असे समजू नये. शंभरांत पंचवीस चुका करणारी चाचणीदेखील सुमारे अठरा वेळांतून एकदा दहापैकी दहा उत्तरे बरोबर देते. शिवाय ते नमुने अत्यवस्थ रुग्णांचे, विषाणूने खच्चून भरलेले असतील, तर ते ओळखणे सोपेच. खरी परीक्षा क्षीण नमुन्यांवर होते.

आपल्या बाजारात तराजूवर आणि वजनांवर सरकारी शिक्का असतो आणि ठरलेल्या मुदतीने निरीक्षक येऊन ती पडताळतो. दुकानदार प्रामाणिक असला तरी वजन झिजते, काटा अडखळतो. प्रयोगशाळेचेही तसेच आहे. तेथे पडताळणी चार टप्प्यांनी होते.

पहिला टप्पा रोजचा. प्रत्येक फेरीत रुग्णांच्या नळ्यांबरोबर एक नळी अशी ठेवतात, की जीत विषाणूचा अंश निश्चित आहे. ती होकारार्थी आलीच पाहिजे. दुसरीत नुसते शुद्ध पाणी. ती नकारार्थी आलीच पाहिजे. तिसरी युक्ती अशी, की रुग्णाच्या नमुन्यातच माणसाचे नेहमीचे एखादे जनुक मिळते की नाही हे पाहतात. ते मिळाले नाही तर नमुना नासलेला आहे, किंवा त्यातून अंश नीट काढला गेला नाही. तेव्हा ‘नकारार्थी’ असे न लिहिता ‘नमुना पुन्हा पाठवा’ असे लिहावे लागते. पहिल्या दोन नळ्यांपैकी एकही चुकली तर त्या फेरीचा एकही अहवाल बाहेर जाता कामा नये. पीसीआरमध्ये अंश इतका वाढवितात की मागच्या कामाचा एक कण उडून पुढच्या नळीत पडला तरी खोटा होकार येतो. म्हणून द्रव्ये मिसळण्याची, नमुना उघडण्याची आणि यंत्राची अशा खोल्या निरनिराळ्या लागतात. एका टेबलावर मांडलेले यंत्र म्हणजे प्रयोगशाळा नव्हे.

दुसरा टप्पा नवीन सामग्री येते तेव्हाचा. पेटी फोडून लगेच रुग्णांवर वापरावयाची नाही, आधी माहीत असलेल्या नमुन्यांवर ती चालवून पाहावयाची. याचे महत्त्व २०२० च्या फेब्रुवारीत साऱ्या जगाने पाहिले. नव्या कोरोना विषाणूची तपासणी करण्यासाठी अमेरिकेच्या मध्यवर्ती रोगनियंत्रण संस्थेने राज्यांच्या प्रयोगशाळांना सामग्री पाठविली. त्या प्रयोगशाळांनी ती प्रथम पडताळून पाहिली, तर कित्येकांच्या शुद्ध पाण्याच्या नळीतच होकार दिसू लागला! सामग्रीतच दोष होता. साथ दाराशी असताना काही आठवडे वाया गेले, हे नुकसान मोठेच. परंतु पाण्याची नळी मांडलीच नसती तर खोटे अहवाल किती घरांत गेले असते, याचाही विचार करावा. एवढ्या मोठ्या संस्थेच्या हातून जे होते ते कोणाच्याही हातून होऊ शकते. पडताळणी कोणाच्या अप्रतिष्ठेसाठी नसते, हे त्यावरून कळावे.

तिसरा टप्पा बाहेरच्या परीक्षेचा. एखादी मध्यवर्ती संस्था एकाच घाण्यातील नमुन्यांच्या नळ्या सांकेतिक क्रमांक घालून अनेक प्रयोगशाळांना पाठविते. कोणत्या नळीत काय आहे हे फक्त पाठविणाऱ्याला ठाऊक असते. काहींत विषाणू भरपूर असतो, काहींत अगदी विरळ, काहींत मुळीच नसतो, आणि एखादीत मुद्दाम भाऊबंद घातलेला असतो. विषाणू आधी मारून निर्धोक केलेला असतो. उत्तरे परत गेली की गुण कळतात. युरोपातील विषाणु-निदान करणाऱ्या प्रयोगशाळांच्या संघटनेने क्रिमियन-कांगो रक्तस्रावी तापासारख्या प्राणिजन्य रोगांसाठी अशा परीक्षा घेतल्या आहेत. अशा परीक्षांत भरपूर विषाणूची नळी सहसा सगळ्यांना ओळखता येते. तेच नमुने आणि तीच पत्रे हाती असूनही विरळ नळ्यांपाशी मात्र एका प्रयोगशाळेचे उत्तर दुसरीशी जुळत नाही.

ही परीक्षा घेणाऱ्यालाही कोणी तपासावे लागते. २००५ साली अमेरिकेतून अशाच परीक्षेसाठी इन्फ्लुएंझाच्या नळ्या अठरा देशांतील साडेतीन हजारांहून अधिक प्रयोगशाळांकडे रवाना झाल्या. त्यांत साधा विषाणू घालावयाच्या ऐवजी १९५७ च्या जागतिक साथीचा जिवंत विषाणू गेला होता. १९६८ नंतर जन्मलेल्या कोणाच्याही अंगी त्याच्याशी झुंजण्याची शक्ती नव्हती. कॅनडाच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने तो ओळखला आणि जागतिक आरोग्य संघटनेने सर्व नळ्या नष्ट करविल्या. सुदैवाने त्यातून साथ उद्भवली नाही. परंतु धडा मिळाला, की परीक्षेचे साहित्यही निष्काळजीपणे हाताळता येत नाही.

चौथा टप्पा अदलाबदलीचा. प्रयोगशाळेने आपण तपासलेले काही होकारार्थी आणि काही नकारार्थी नमुने दुसऱ्या, अनुभवी प्रयोगशाळेकडे फेरतपासणीस पाठवावयाचे. २०२० साली कोरोनाच्या वेळी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने देशभर ही पद्धत घालून दिली. रोजच्या नियंत्रक नळ्यांत जे दिसत नाही ते यात दिसते, कारण हे नमुने खऱ्या रुग्णांचे असतात.

हे चारही टप्पे नळी प्रयोगशाळेच्या दारात पोचल्यानंतरचे झाले. परंतु पुष्कळशा चुका नळी दारात पोचण्यापूर्वीच होऊन बसतात. भर उन्हाळ्यात, माकडतापाच्या ऐन हंगामात, रक्ताची नळी एस. टी.च्या टपावर तीन तास तापली तर विषाणूचा अंश विरून जातो आणि जगातले उत्तम यंत्रही ‘नाही’ म्हणते. दोन पाटील, दोन गावडे एकाच दिवशी आले आणि चिठ्ठ्या बदलल्या, तर दोन्ही अहवाल अचूक असूनही दोन्ही माणसांना चुकीचे उत्तर मिळते. मेलेल्या माकडाचेही तसेच. माकड मेल्याचे तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळले आणि कुजलेल्या देहाचा नमुना नकारार्थी आला, तर रान निर्धोक आहे असे समजून लाकडे आणावयास जाऊ नये. माकड दिसताच त्याला हात न लावता वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवावे. माकडतापाच्या नमुन्यांवर काम करताना प्रयोगशाळेतील माणसांनाही लागण झाल्याची उदाहरणे आहेत. म्हणून हे काम उच्च दर्जाच्या सुरक्षिततेतच करावयाचे असते.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. यंत्र घ्यावे काय? माझे मत आपण मागितले आहे म्हणून स्पष्ट सांगतो. आज घेऊ नये. यंत्राची किंमत एकदाच मोजावी लागते, त्याच्या खरेपणाची किंमत दरवर्षी मोजावी लागते. नियंत्रक नळ्या, वेगळ्या खोल्या, शिकलेला तपासनीस आणि तो रजेवर गेल्यास दुसरा, बाहेरच्या परीक्षेची वर्गणी, यंत्राची दुरुस्ती, हा खर्च निधीच्या व्याजातून निघेल याची खात्री नसेल, तर दोन वर्षांनी आपल्यापाशी यंत्र राहील आणि त्याच्या अहवालावर विश्वास ठेवण्याचे कारण राहणार नाही. धर्मादाय दवाखान्याच्या कागदावर गरीब माणूस दुसरीकडे खातरजमा करून घेत नाही; तेवढी त्याची ऐपत नसते. म्हणून आपली जबाबदारी खासगी प्रयोगशाळेपेक्षा अधिक आहे, कमी नाही.

त्याच पैशांत तीन कामे होण्यासारखी आहेत. एक, बर्फाच्या पेट्या आणि नमुना त्याच दिवशी मान्यताप्राप्त सरकारी प्रयोगशाळेकडे जाईल अशी वाहनाची सोय. दोन, रक्त घेणाऱ्या परिचारिकांचे शिक्षण, आणि प्रत्येक नळीसोबत नाव, गाव, ताप सुरू झाल्याची तारीख, रक्त घेतल्याची तारीख व रानात गेल्याची माहिती असलेला एक छापील कागद. तीन, अहवाल येईपर्यंत रुग्णाच्या घरी चौकशीला जाणारा एक स्वयंसेवक. पहिला अहवाल नकारार्थी आला आणि संशय उरला, तर दुसरे रक्त वेळेवर घेतले जाईल हे त्याने पाहावे.

पुढेमागे मंडळाने यंत्र घ्यावयाचे ठरविलेच, किंवा सभासदांनी कोणत्याही प्रयोगशाळेत रक्त दिले, तर पाच प्रश्न विचारावेत. या चाचणीसाठी आपणांस राष्ट्रीय प्रमाणन मंडळाची, म्हणजे एनएबीएलची, मान्यता आहे काय? मान्यतापत्र भिंतीवर असते, पण त्याच्या यादीत ही विशिष्ट चाचणी आहे की नाही हे पाहावे. बाहेरच्या परीक्षेत आपण भाग घेता काय, आणि शेवटच्या परीक्षेत किती नळ्या बरोबर आल्या? पाण्याच्या नळीत होकार दिसला तर आपण काय करता? ताप कितव्या दिवशी आहे हे आपण विचारता काय? आणि संशयित नमुना फेरतपासणीस कोठे पाठविता? या प्रश्नांनी कोणी चिडला तर दुसरीकडे जावे. चांगला तपासनीस हे प्रश्न ऐकून मनोमन खूषच होतो.

बंधुभगिनींनो, आपल्या संस्थेचा जमाखर्च दरवर्षी बाहेरच्या हिशेबतपासनिसापुढे ठेवला जातो. विश्वस्तांवर अविश्वास आहे म्हणून आपण तसे करीत नाही. तपासलेल्या हिशेबावर परका माणूसही विसंबू शकतो, म्हणून करतो. पन्नास वर्षे लोकांनी या संस्थेच्या पेटीत पैसे टाकले ते या शिस्तीमुळे. जी शिस्त आपण पैशाला लावतो तीच रक्ताच्या थेंबाला लावावी, एवढीच माझी विनंती आहे. घाटाखालून तापाने फणफणलेला जो मजूर आपल्या ओट्यावर येईल, त्याच्या हाती आपण जो कागद देऊ तो खरा असावा. आणि खरेपणाची खात्री नसेल तर तसे त्याला सांगून, दुसऱ्या तपासणीची वाट त्याच्यासोबत बसून पाहावी.